जमिनीतल्या उबेवर रेशमाचं शेड राखता येईल का?

तुतीवाला_घाटंजी | ११ डिसेंबर, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

घाटंजी तालुक्यात माझी एक एकर तुती आहे अन् ५० बाय २० फुटांचं कीटक संगोपन गृह. वर पत्रा, बाजूंना शेडनेट अन् पडदे. गेल्या डिसेंबरात २०० अंडीपुंजांची बॅच घेतली. चॉकी सेंटरवरून, म्हणजे अळ्या लहानपणी जिथं वाढवतात तिथून, अळ्या आणल्या तोवर सगळं ठीक होतं. मग ओळीनं चार रात्री पारा ८-९ वर आला. दोन कोळशाच्या शेगड्या आत ठेवल्या. बायको अन् मी आळीपाळीनं जागलो. तरी शेगडीजवळच्या रॅकवरच्या अळ्या आधी मोल्टला (कात टाकायला) बसल्या, दाराकडच्या दोन दिवस मागं राहिल्या, अन् धुरानं बऱ्याच पाल्याला तोंड लावेनात. कोष निम्मेच आले. त्या बॅचवर पोरीच्या कॉलेजची फी भरायची होती, म्हणून ती रात्र मनातून जात नाही.

माझा मावसभाऊ स्वीडनला आहे. त्याच्या अंगणात १८० मीटरचं बोअर आहे. त्यातून पाणी काढत नाहीत, ऊब काढतात. बाहेर उणे १५ अन् हा घरात बनियनवर बसून बोलत होता. यंत्राला ग्राउंड सोर्स हीट पंप म्हणतात म्हणाला.

माझ्याकडं ४५ फुटांची विहीर आहे, पाणी बारमाही. अन् २८० फुटांचं एक बोअर कोरडं गेलेलं आहे, तीन वर्षांपासून तसंच पडून आहे. त्या बोअरमधून माझ्या शेडला ऊब मिळेल का? कोणी केलं असेल, नुसतं वाचलं असेल, तरी सांगा.

कोंबडखाना_अचलपूर | ११ डिसेंबर, रात्री ९.५८

भाऊ, तुमचं वाचलं अन् मले माह्या पयल्या लॉटची रात आठोली. शेगडीचा धूर पिल्लाईलेही चालत नाही. मी बी वाचून राहिलो, कोणी जाणकार सांगन तं आपल्या दोघाईचं भलं होईल.

मैना_पुसद | ११ डिसेंबर, रात्री १०.२०

उनकेश्वरला जमिनीतून गरम पाणी येतं, तसंच काही आहे का हे? तसं असेल तर गरम झरा असलेल्या गावालाच जमेल ना?

उत्तरवारा | १२ डिसेंबर, पहाटे ४.१०

मैनाताई, नाही. उनकेश्वरचं पाणी खोलातून तापून वर येतं, ती पृथ्वीच्या पोटातली उष्णता. इथं बोलतोय ती उन्हाची साठवलेली ऊब, कुठल्याही गावच्या कुठल्याही जमिनीतली.

मी मूळचा मूर्तिजापूरचा, ११ वर्षांपासून स्वीडनमध्ये उप्सालाजवळ राहतो. आमच्या घरी हाच पंप आहे, म्हणून नीट सांगतो. इथला खडक बोअरमध्ये ७-८ अंशांवर असतो, बारा महिने. त्यात प्लास्टिकची नळी खाली जाऊन परत वर येते. नळीत पाणी अन् इथेनॉलचं मिश्रण फिरतं, म्हणजे गोठत नाही. ते खाली जाताना शून्याच्या आसपास असतं अन् वर येताना तीन-चार अंशांनी तापलेलं. एवढीच ऊब. ती यंत्र गोळा करतं. यंत्र म्हणजे आपल्या फ्रिजचंच तत्त्व. फ्रिजच्या मागच्या जाळीला हात लावा, गरम लागते. ती उष्णता आतल्या भाजी-दुधातून काढलेली असते. इथं भाजीच्या जागी खडक, अन् जाळीच्या जागी घरातली फरशी. कॉम्प्रेसर वायू दाबतो, तो तापतो, त्यावर ३५-४० अंशांचं पाणी फरशीखाली फिरतं. एक युनिट वीज खर्चून तीन ते चार युनिट उष्णता मिळते, कारण वीज उष्णता तयार करत नाही, ती फक्त वाहून आणते.

कल्पना जुनी आहे. लॉर्ड केल्विननं १८५२ मध्ये मांडली, जमिनीतून ऊब घेण्याचं पेटंट स्वित्झर्लंडच्या हाइनरिख झोएलीनं १९१२ मध्ये घेतलं. स्वीडनमध्ये ती घरोघरी पोचायला १९७३ ची तेलटंचाई व्हावी लागली.

आता तुतीवाला दादा, तुमच्यासाठी खरी गोष्ट. आम्हाला यंत्र लागतं कारण जमीन ८ ची अन् घराला हवेत २१. यवतमाळची जमीन दहा-बारा फुटांखाली २६-२७ अंशांच्या आसपास असणार, कारण जमिनीचं खोलातलं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं. अन् तुमच्या अळीला किती हवं? मला वाटतं २५ च्या आसपास. मग चढवायचं काय? तुमच्या पायाखालीच तयार ठेवलंय. यंत्राच्या खर्चाचा विचार करण्याआधी नुसती हवा जमिनीत पुरलेल्या नळीतून पंख्यानं फिरवून आणता येते का ते बघा.

पांढरी_गढी | १२ डिसेंबर, सकाळी ७.३०

उत्तरवारा यांचं अगदी बरोबर. माझं वय ७४. आमच्या लहानपणी पौषात पहाटे विहिरीवर आंघोळीला जायचो. घरातलं रांजणाचं पाणी बर्फासारखं, अन् मोटेचं पाणी कोमट. वाफ निघायची. चैत्रात तीच विहीर गार. आई म्हणायची, विहीर हिवाळ्यात पांघरूण घेते. विहीर होती तिथंच होती, बदलायचो ते आपण.

दुसरी आठवण पेवाची. गढीच्या आवारात ज्वारीची दोन पेवं होती, माणूसभर खोल, आतून शेणामातीनं सारवलेली. मार्गशीर्षात तोंड उघडलं की आतून ऊब अंगावर यायची. पण पेवात कोणी एकदम उतरत नसे. आधी दिवसभर तोंड उघडं ठेवायचे, मग कंदील दोरीनं खाली सोडायचे. कंदील विझला तर उतरायचं नाही. धान्याचा श्वास आत कोंडून माणसं मेलेली आम्ही ऐकली आहेत. जमिनीखालची हवा शेडमध्ये आणणार असाल तर ती कोंडलेली नको, वाहती हवी, हे लक्षात असू द्या.

रोखठोक_वरुड | १२ डिसेंबर, सकाळी ९.०५

सगळं वाचलं. मत वेगळं आहे, राग मानू नका.

तुतीवाला भाऊंचं शेड पत्र्याचं आहे. निरभ्र रात्री पत्रा आभाळाकडं उष्णता टाकतो अन् बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. सकाळी पत्र्याखालून टपटप दव गळतं ते त्यामुळंच. अशा शेडमध्ये जमिनीतून आणा, स्वीडनमधून आणा, ऊब वरून निघून जाणार. फुटकी घागर आधी बुजवा. पत्र्याखाली दोन इंच थर्माकोलचं छत, नाहीतर निदान बांबूच्या तट्ट्या अन् त्यावर तुराट्यांचा जाड थर. पडदे दुहेरी. दाराला आडोसा. एवढं केल्यावर शेगडी किती लागते ते पहा. मी संत्र्याची रोपवाटिका याच पद्धतीनं राखतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरला ३.५ अंश नोंदले गेले तेव्हा आमच्याकडंही दहिवर गोठलं होतं, पण आतली रोपं वाचली.

उत्तरवारा | १२ डिसेंबर, दुपारी १२.४०

रोखठोकजींना पूर्ण पाठिंबा. इथंही आधी भिंती अन् खिडक्या, मग पंप. उलटा क्रम करणाऱ्याचं पंपाचं बिल वाढतं.

मृदा_निवृत्त | १२ डिसेंबर, सायंकाळी ६.१५

माती हा माझा आयुष्यभराचा विषय, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

दिवस-रात्रीचा फरक जमिनीत फूट-दीड फुटापर्यंतच पोचतो. ऋतूंचा फरक खोल जातो, पण हळूहळू अन् मंद होत. दहा फुटांवर तो सरासरीच्या वर-खाली दोनेक अंशच उरतो, अन् पोचायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे दहा फुटांखालच्या जमिनीचा उन्हाळा श्रावणात येतो अन् हिवाळा होळीच्या सुमारास. तुम्हाला ऊब हवी पौषात, तेव्हा जमीन अजून पावसाळ्याची ऊब धरून असते. गारवा हवा वैशाखात, तेव्हा ती नुकती थंडीतून निघालेली असते. शेतकऱ्याला याहून सोयीचं वेळापत्रक कोणी आखून दिलं नसतं.

आता अडचण. काळी जमीन. घाटंजीकडं किती खोल आहे ते तुम्हीच सांगाल, पण कापसाची काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नळी काळ्या मातीत टाकली तर आकसताना माती नळीला सोडते. मधे हवेची फट राहिली की उष्णता ओलांडत नाही. शिवाय फुगताना सांधे निखळतात. म्हणून नळी काळ्या थराच्या खाली, मुरमात गेली पाहिजे, अन् भोवती धुतलेली रेती दाबून भरली पाहिजे. वर परत काळी माती.

आणखी एक. ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा उष्णता फार चांगली वाहते. नळ्या तुतीच्या प्लॉटखालून न्या. ठिबकचं पाणी झिरपत राहील, तुतीची सावली वैशाखात जमीन तापू देणार नाही. एकाच जागेत दोन पिकं.

बोअरगाडी | १३ डिसेंबर, रात्री ८.३०

१६ वर्षं बोअरच्या गाडीवर काम केलं. कोरड्या बोअरचं विचारलंत म्हणून सांगतो.

२८० फूट म्हणजे ८५ मीटर. आपल्याकडं केसिंग (बोअरच्या तोंडातला पाइप) मुरूम संपेपर्यंत, खाली काळ्या पाषाणात उघडं साडेसहा इंची भोक. स्वीडनला बोअर आपोआप भूजलानं भरलेलं असतं म्हणून नळी नुसती सोडली तरी चालते. तुमचं कोरडं. नळी सोडली तर तिच्याभोवती हवा राहील, अन् हवा म्हणजे गोधडी. त्यात बेंटोनाइट माती अन् रेतीचा गारा तळापासून वर भरत यावं लागेल. तो भरला की बोअर कायमचं त्याच कामाचं. अन् मीटरमागं ४० वॅट धरले तर साडेतीन किलोवॅटच्या आसपास ऊब. त्याला पंप वेगळा, गॅस वेगळा, मेकॅनिक यवतमाळहून बोलवा.

माझ्या मते तुमच्यासाठी दहा फूट खोल चर घेऊन त्यात हवेची नळी पुरलेली बरी. जेसीबीवाला गावातच आहे ना? पाषाण वर आला तर ब्रेकर लागेल, म्हणून आधी दोन जागी खड्डा घेऊन पहा.

अन् ते बोअर उघडं आहे की तोंड बंद आहे?

कोष_आणि_मी | १४ डिसेंबर, दुपारी ३.००

आर्वीजवळ मी सहा वर्षांपासून रेशीम करते. बचत गटातल्या आणखी चौघींना शिकवलं. दादा, तुमची बॅच वाचून वाईट वाटलं. असं आमच्याकडंही झालंय.

पण नुसत्या तापमानावर बोलणं चाललंय, आर्द्रतेवर कोणीच नाही. बाल्यकीटकांना २७-२८ अंश अन् ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता, प्रौढ अळीला २४-२५ अन् ७० टक्के. पहाटेची १० अंशांची हवा ओलसर वाटते, पण तीच तापवून २४ वर नेली की तिची आर्द्रता ३५-४० वर येते. पाला तासाभरात सुकतो अन् अळी सुकलेला पाला खात नाही. शेगडीनं हेच होतं, नळीच्या हवेनंही होणार. म्हणून सगळी हवा बाहेरून घेऊ नका. शेडमधलीच हवा नळीतून फिरवून परत आणा, बाहेरची थोडीच मिसळा. ओली गोणपाटं लावाच. चौथ्या मोल्टनंतर मात्र बाहेरची हवा वाढवा, कारण तेव्हा पाला अन् विष्ठा खूप असते, वास कोंडतो.

पावसाळ्याचंही ऐका. आषाढात बाहेरची दमट हवा २७ च्या नळीत शिरली की आत घाम सुटतो. पाणी साचलं की बुरशी. मस्कार्डिन शेडमध्ये शिरला तर आख्खी बॅच पांढरी होऊन दगडासारखी होते. नळीला उतार हवा, खालच्या टोकाला पाणी काढायची जागा हवी, अन् प्रत्येक बॅचआधी निर्जंतुकीकरण करताना नळीही धुवायची. हे जमणार नसेल तर पावसाळ्यात नळी सरळ बंद ठेवा.

रोखठोक_वरुड | १४ डिसेंबर, दुपारी ३.२५

कोष ताई, हा प्रतिसाद छापून शेडमध्ये लावावा असा आहे.

वणीकर | १४ डिसेंबर, रात्री ९.१५

अवांतर, पण राहवत नाही. नेदरलँड्सच्या हेरलेन गावात कोळशाच्या खाणी बंद झाल्यावर त्यात पाणी भरलं. २००८ पासून ते पाणी फिरवून इमारती गरम अन् थंड करतात. आमच्या वणी-चंद्रपूर पट्ट्यात जमिनीखालच्या किती खाणी बंद पडल्या, पाण्यानं भरल्या. माझे वडील त्याच खाणीत उतरायचे. गाव धूळ खातं, उन्हाळ्यात भाजतं, अन् पायाखाली एवढं पाणी. यावर कोणीतरी काम करावं असं फार वाटतं.

मृदा_निवृत्त | १४ डिसेंबर, रात्री ९.५०

वणीकर, याचा वेगळा धागा काढा. मी लिहीन त्यात.

तुतीवाला, तुमच्यासाठी एक आकडा काढला. शेडमध्ये साधारण ३४० घनमीटर हवा. तासाला तीनदा फिरवायची म्हटली तर हजार घनमीटर. ती १० वरून २४ वर न्यायला पावणेपाच किलोवॅटच्या आसपास उष्णता लागते. हे बाहेरची हवा घेतल्यास. आतलीच फिरवली तर बरीच कमी. अन् फिरवायला पंखा पाव किलोवॅटचा. सहा इंची चार नळ्या, प्रत्येकी ४०-५० मीटर, एकमेकींपासून निदान चार-पाच फूट लांब. जवळ टाकल्या तर एकमेकींची ऊब ओढतील.

भगिनी_नागपूर | १५ डिसेंबर, सकाळी १०.१०

हे आपल्या देशात झालेलं आहे, म्हणून सांगते. अहमदाबादला ५० मीटर लांबीची चार इंची लोखंडी नळी तीन मीटर खोल पुरून मोजमापं घेतली होती. मे महिन्यात तिथली जमीन २६.६ अंशांवर होती अन् नळीतून येणारी हवा बाहेरच्यापेक्षा १४ अंशांपर्यंत गार मिळाली. जानेवारीच्या रात्री तेवढीच ऊब. त्याच पद्धतीवर तिथल्या प्राणिसंग्रहालयात वाघाची खोली राखली. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेच्या प्रशिक्षण केंद्रातही चार मीटर खोलीवर असे हवेचे बोगदे आहेत. वाघाला मिळतं ते अळीला मिळायला काय हरकत आहे?

विदर्भात तर मी म्हणेन, थंडीपेक्षा उन्हाळ्यासाठी करा. थंडी दोन महिने. मार्चनंतर तुम्ही बॅच घेणं सोडता, ते बुडालेलं उत्पन्न मोजा.

कोंबडखाना_अचलपूर | १५ डिसेंबर, रात्री ८.४५

आता माहं गणित. पिल्लाईले पयल्या हप्त्यात ३३ ते ३५ डिग्री पायजे, मंग दर हप्त्याले तीनेक डिग्री कमी करत न्यायची. जमीन २७ ची, म्हंजे नुसत्या नळीनं माह्यं भागत नाही. पण पहाटं ९ ची हवा नळीतून २३-२४ ची होऊन आली तं गॅस ब्रूडरले वरची दहाच डिग्री चढवाव लागते. निम्म्याहून जास्त गॅस वाचला ना बाप्पा. सिलिंडरचा हिशोब मी वहीत ठेवतो, तेवढं वाचलं तं नळ्याईचा खर्च तीन-चार हिवाळ्यात निंघून येईल असं वाटते.

अन् माह्यासाठी तो स्वीडनवाला पंप खरा कामाचा हाये. २७ वरून ३५ वर न्यायचं, चढण लहान. उत्तरवारा दादा, बरोबर समजलो ना मी?

उत्तरवारा | १६ डिसेंबर, पहाटे ५.००

अगदी बरोबर समजलात. चढण जितकी लहान तितकी वीज कमी. आमचा पंप ३ वरून ३८ वर चढतो. तुमचा २५ वरून ४० वर चढला तरी एका युनिटात पाच-सहा युनिट मिळू शकतात. फक्त एक काळजी: हिवाळ्यात ऊब काढली तर उन्हाळ्यात शेड गार करून ती जमिनीत परत टाका. नुसतं एकाच बाजूनं घेत राहिलं तर जमीन वर्षागणिक थकते.

गावरान_इंजिनिअर | १६ डिसेंबर, सकाळी ९.२०

शेती फिडरवर रात्री वीज असेल-नसेल. पंखा पाव किलोवॅटचा, १२ तास म्हणजे ३ युनिट. १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी पावणेदोन युनिट धरते अन् ती पूर्ण रिकामी करायची नसते. तीन बॅटऱ्या धरा अन् दिवसा सौर पॅनेल. पंखा बंद पडला की नळी काहीच देत नाही, हे विसरू नका.

तुतीवाला_घाटंजी | २३ डिसेंबर, रात्री १०.०५

उशीर झाला, माफ करा. तुम्ही सांगितलं ते करूनच लिहायचं ठरवलं होतं.

तुतीच्या बांधाला जेसीबीनं दोन खड्डे घेतले. काळी साडेचार फूट, मग मुरूम. एका खड्ड्यात नऊ फुटांवर कठीण लागलं, दुसऱ्यात अकरा फुटांपर्यंत मुरूमच निघाला. दुसऱ्यात दहा फुटांवर थर्मामीटरची वायर पुरून खड्डा परत भरला अन् आठ दिवस थांबलो. गेल्या तीन पहाटे बाहेर १०, ९ अन् ११ होते. खाली तिन्ही दिवस २६.५. आकडा हललाच नाही. बायकोला दाखवला तर ती म्हणाली, एवढं सारं आपल्याच वावरात होतं अन् आपण कोळसा विकत आणला.

या हिवाळ्यात चर घेत नाही, पैसा नाही. रोखठोक काकांनी सांगितलं तसं बांबूच्या तट्ट्या अन् तुराट्यांचं छत आजपासून सुरू केलं, पडदे दुहेरी केले. जानेवारीची बॅच १०० अंडीपुंजांचीच घेतो. फेब्रुवारीत कोष विकायला जालन्याला गेले की दोन नळ्यांपासून सुरुवात. होळीला अन् मे अखेरीस परत आकडे घेऊन इथंच टाकीन.

कोष ताई, उतार किती द्यायचा?

कोष_आणि_मी | २३ डिसेंबर, रात्री १०.३०

शंभर फुटाला एक फूट. शेडकडून लांब उतरता, म्हणजे पाणी शेडकडं येणार नाही. चर घेताना मला कळवा, आम्ही चौघी बघायला येतो. डबा आमचा.

बोअरगाडी | २३ डिसेंबर, रात्री १०.४८

तुतीवाला भाऊ, १३ तारखेला विचारलं होतं, उत्तर राहिलं. बोअरचं तोंड बंद आहे का? आता सगळे शेतावर बघायला येणार, लेकरं येणार. साडेसहा इंचात दोन वर्षांचं लेकरू सहज जातं. मी अशी एक जागा पाहिली आहे, परत पाहायची नाही.

तुतीवाला_घाटंजी | २४ डिसेंबर, सकाळी ११.२०

पोत्यानं झाकून वर दगड ठेवला होता. आज सकाळी वेल्डरला बोलावून केसिंगवर लोखंडी पट्टी डागून घेतली. शेजारच्या वावरात आणखी एक उघडं होतं, तेही त्याच खेपेत बंद केलं.